घरची बिअर आणि सरकारची तिजोरी

हा लेख मद्यपानाची भलावण करण्यासाठी लिहिलेला नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. प्रस्तुत लेखक मद्य घेत नाही आणि ज्या घरात तो लहानाचा मोठा झाला त्या घरात या विषयाचे नावही निघत नसे. तथापि गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत इंग्लंडमध्ये लीड्स येथे बहिणीकडे तीन आठवडे मुक्काम घडला. तेथे एका रविवारी भाच्याने स्वयंपाकघरात जो उद्योग मांडला तो पाहिल्यापासून अर्थशास्त्राच्या एका अध्यापकाच्या डोक्यात काही प्रश्न घोळत राहिले आहेत. भाचा अभियंता आहे, निर्व्यसनी म्हणावा इतका नेमस्त आहे आणि महिन्यातून एकदा घरी बिअर तयार करतो. माझ्या चेहऱ्यावरचा भाव पाहून तो म्हणाला, "मामा, घाबरू नका. इथे याला परवानासुद्धा लागत नाही."

त्या दिवशी पाहिलेली कृती थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण पुढील युक्तिवाद तिच्यावरच उभा आहे. जवाला मोड आणून ते भट्टीत वाळवले की माल्ट होतो. तो भरडलेला बाजारात मिळतो. तेवीस लिटर बिअरसाठी साधारण पाच किलो माल्ट लागतो. एका जाड आवरणाच्या डब्यात, ज्यात एरवी सहलीचे थंड पदार्थ नेतात तसल्याच, तो गरम पाण्यात कालवून तासभर ठेवतात. पाण्याचे तापमान ६७ अंशांच्या आसपास राखावे लागते. धान्यातील विकरे या तापमानाला पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. दोन-चार अंश खाली उतरले तर बिअर पातळ आणि कोरडी होते, वर चढले तर अंगाने भरीव पण गोडसर होते, आणि फारच वर गेले तर विकरे निकामी होऊन सगळेच फसते. पिष्ट उरले की नाही हे पाहण्यासाठी त्याने बशीत एक थेंब काढून त्यावर आयोडीन टाकले. शाळेच्या प्रयोगशाळेत बटाट्याच्या फोडीवर आपण सर्वांनी केलेला तो प्रयोग इतक्या वर्षांनी परक्या देशातील ओट्यावर भेटला.

मग डब्याच्या तळाशी बसवलेल्या जाळीतून तो गोड काढा निथळून घ्यायचा, चोथ्यावरून हळूहळू गरम पाणी सोडून उरलीसुरली साखर धुऊन काढायची आणि सगळे द्रावण नळ बसवलेल्या मोठ्या पातेल्यात तासभर उकळायचे. उकळी फुटताच हॉप्स या वेलीची वाळलेली फुले टाकली की कडवटपणा उतरतो. अखेरच्या काही मिनिटांत टाकली की गंध राहतो. यानंतरचा टप्पा मात्र घाईचा आहे. तांब्याच्या नळीचे वेटोळे पातेल्यात सोडून त्यातून नळाचे थंड पाणी खेळवायचे आणि वीस अंशांपर्यंत तापमान उतरवायचे, कारण कोमट गोड द्रावणावर जगातले सगळे सूक्ष्मजीव टपलेले असतात. या क्षणापासून पुढे ज्या ज्या वस्तूचा स्पर्श होईल ती निर्जंतुक हवी. भाच्याच्या दिवसाचा निम्मा वेळ भांडी धुण्यात गेला, असे मी मोजले. या छंदाचे खरे नाव भांडी घासणे असे आहे, हे माझ्या बहिणीचे मत.

थंड झालेल्या द्रावणात काचेचा हायड्रोमीटर तरंगवून त्याने घनता वहीत नोंदवली : १.०४८. मग झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात द्रावण ओतून यीस्ट घातले आणि झाकणाला पाण्याची छोटी वाकडी नळी बसवली. आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. दोन आठवड्यांनी घनता १.०१२ झाली म्हणजे साखर संपली असे समजायचे. दोन आकड्यांतील फरकाला १३१ ने गुणले की मद्यार्काचे शेकडा प्रमाण मिळते, येथे पावणेपाचच्या आसपास. शेवटी लिटरमागे पाच-सहा ग्रॅम साखर घालून बाटल्यांना बुचे ठोकायची. बाटलीत पुन्हा थोडे आंबवण होते आणि फेस येतो. घाई करून साखर उरलेली असताना बाटल्या भरल्या, की त्या फुटतात. पहिल्या वर्षी न्हाणीघरात मध्यरात्री असे तीन स्फोट झाल्याचे बहिणीने सांगितले. थंडीत पिंपाला गरम राखण्यासाठी तो विजेचा पट्टा गुंडाळतो आणि इडलीचे पीठ फुगावे म्हणून ती ओव्हनमधला दिवा लावून ठेवते. एकाच घरात मायलेक एकच काम करतात, एवढाच याचा अर्थ.

ही तुलना केवळ गमतीची नाही. संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखा पद्धतीत घरच्या वापरासाठी घरीच तयार केलेल्या वस्तू उत्पादनात धरल्या जातात आणि उदाहरणांत बिअर, वाइन व मद्य यांचा स्पष्ट उल्लेख आहे. घरच्या माणसांसाठी केलेला स्वयंपाक मात्र उत्पादनात धरला जात नाही. तत्त्वतः भाच्याच्या पिंपातील बिअर राष्ट्रीय उत्पन्नात मिळते, बहिणीची इडली मिळत नाही. विद्यार्थ्यांना हे सांगितले की वर्ग हसतो, मुली जरा कमी हसतात. बिअरने शास्त्राला दिलेलेही थोडे नाही. संख्याशास्त्रातील टी-चाचणी ज्या 'स्टूडंट'च्या नावाने आपण शिकवतो तो विल्यम गॉसेट, १९०८ साली तो निबंध लिहिताना डब्लिनच्या गिनेस कंपनीत नोकरीस होता, आणि जवाच्या व बिअरच्या मोजक्या नमुन्यांवरून निष्कर्ष कसा काढावा हाच त्याच्यापुढील प्रश्न होता.

मूळ मुद्द्याकडे वळू. घरी बिअर करणे इंग्लंडमध्ये नेहमीच असे निर्वेध होते काय? मध्ययुगात ते स्त्रियांचे घरकाम होते आणि उरलेली बिअर शेजारीपाजारी विकून त्या चार पैसे मिळवीत. पुढे माल्टवर कर बसला. १८८० साली ग्लॅडस्टनने माल्टवरील कर उठवून तो थेट तयार होणाऱ्या बिअरवर बसवला. शेतकऱ्यांना ही सुधारणा वाटली, आणि ती होतीही. परंतु कर जिन्नसावरून उत्पादनावर गेला की उत्पादन कोठे होते हे सरकारला ठाऊक असावे लागते. म्हणून घरगुती बिअर करणाऱ्यालाही परवाना आला. पुढे त्र्याऐंशी वर्षे हा परवाना राहिला. तो घेणारे अगदी थोडे आणि न घेता बिअर करणारे किती याची मोजदाद नाही. अखेर १९६३च्या अर्थसंकल्पात रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी तो रद्द केला. विकायची नाही एवढी एकच अट उरली. त्यानंतरच्या दशकांत बूट्ससारख्या औषधाच्या दुकानांतून घरगुती बिअरचे संच विकले जाऊ लागले. ऊर्ध्वपातन करून कडक दारू काढणे मात्र तेथे आजही परवान्यावाचून गुन्हा आहे.

अमेरिकेतील कथा याहून बोलकी आहे. १९३३ साली तेथील दारूबंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला मुभा मिळाली, बिअरला मिळाली नाही. पंचेचाळीस वर्षे ही विसंगती कायद्यात राहिली. १९७८च्या ऑक्टोबरात अध्यक्ष कार्टर यांनी ज्या विधेयकावर सही केली त्याने प्रौढ व्यक्तीला वर्षाला शंभर गॅलन व कुटुंबाला दोनशे गॅलन, म्हणजे सुमारे साडेसातशे लिटर, बिअर करविना करण्याची मोकळीक दिली. संघराज्याचा कायदा बदलला तरी अंतिम शब्द राज्यांचा होता, आणि अलाबामा व मिसिसिपी ही शेवटची दोन राज्ये २०१३ साली वळली. आता परिणाम पाहा. १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्या अवाढव्य देशातील बिअरच्या कारखान्यांची संख्या शंभराच्याही खाली आली होती. मूठभर कंपन्या एकाच चवीची बिअर देशभर विकत होत्या. गेल्या काही वर्षांत ही संख्या नऊ हजारांपलीकडे गेली. या नव्या कारखानदारांपैकी पुष्कळांचे शिक्षण घरच्या पातेल्यावरच झाले होते. कॅलिफोर्नियातील चिको गावात केन ग्रॉसमन हा तरुण आधी घरगुती बिअरच्या साहित्याचे दुकान चालवी. १९८० साली त्याने दूधधंद्यातील जुनी भांडी जुळवून सिएरा नेवाडा हा कारखाना सुरू केला आणि तो पुढे देशातील मोठ्या कारखान्यांत गणला गेला. मक्तेदारी मोडण्यासाठी आयोग नेमले जातात, कायदे होतात. येथे एक निर्बंध काढला आणि लोकांच्या हातात थर्मामीटर व हायड्रोमीटर आले, एवढ्याने जे झाले ते पाठ्यपुस्तकात यावे असे आहे.

याच्या उलट टोक जपानचे. १८९९ साली तेथे घरगुती मद्य पूर्णतः बंद झाले. त्या काळी मद्यकर हा सरकारी उत्पन्नाचा अग्रगण्य स्रोत होता आणि शेतकऱ्याच्या घरी तांदळाची गढूळ 'दोबुरोकू' आंबत असे, ती कोणताही कर देत नसे. हा निर्बंध घटनाबाह्य आहे असा युक्तिवाद एका नागरिकाने केला. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने महसुलाचा हेतू ग्राह्य धरून कायदा उचलून धरला. त्या न्यायालयाचा एक गुण मानला पाहिजे : त्याने नीतीचा आव आणला नाही.

आपल्याकडे नेमका तो आणला जातो, आणि येथे माझी तक्रार सुरू होते. मुंबई इलाख्यात १८७८चा अबकारी कायदा आला तो लोकांनी पिऊ नये म्हणून आला नव्हता. गावोगावच्या लहान भट्ट्या मोडून दारू मोजक्या मोठ्या भट्ट्यांत काढली जावी व तिच्यावरचा कर चुकू नये, ही त्यामागील दृष्टी होती. ताडी काढायची तर झाडागणिक कर. १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा कायदा झाला. झाडाखाली पडणारी फुले वेचून साठवणे हाच त्यात संशयाचा विषय झाला. ही फुले आदिवासी कुटुंब दुष्काळात भाकरीच्या जागी खाते, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे मानता येत नाही. गुत्त्याचा ठेका दुसऱ्याकडे गेला, उधारी आली, उधारीपाठोपाठ वेठ आली. १९२२ साली दक्षिण गुजरातच्या आदिवासींत जी देवीची चळवळ उठली तिने दारू सोडण्याची आज्ञा दिली, आणि तिचा रोख पारशी दारूवाल्यांवरही होता. दारू सोडणे हे तेथे दारूच्या ठेक्याविरुद्धचे बंडही होते.

स्वातंत्र्यानंतर १९४९चा दारूबंदी कायदा आला. त्यामागे गांधीजींच्या परंपरेतील प्रामाणिक तळमळ होती, हे नाकारण्याचे कारण नाही. पण पुढे काय झाले? परवान्यांची दारे एकेक करून उघडत गेली. कायद्याचे नाव दारूबंदीचे राहिले आणि तो राबवणारे खाते उत्पादन शुल्काचे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा पिण्याचे मद्य त्याबाहेर ठेवले गेले, कारण राज्यांच्या हाती स्वतःचे म्हणावे असे करच थोडे उरत होते. आज पुण्या-मुंबईच्या मद्यगृहांत काचेपलीकडे चकचकीत पोलादी टाक्या दिसतात आणि गिऱ्हाईक ताज्या बिअरसाठी चांगले पैसे मोजते. टाकीत जे घडते ते भाच्याच्या पिंपात घडते त्याहून निराळे नाही. मात्र हीच कृती महाराष्ट्रातील एखाद्या प्राध्यापकाने स्वयंपाकघरात केली तर ती परवान्यावाचून मद्यनिर्मिती ठरेल.

प्राध्यापकाचे दुःख मोठे नाही. तो दुसरा छंद शोधील. माझ्यापुढे प्रसंग आहे तो निराळा. काही वर्षांपूर्वी सत्र परीक्षेच्या दिवशी माझ्या वर्गातील एक हुशार मुलगा आला नाही. तीन दिवसांनी येऊन खालच्या मानेने म्हणाला, "सर, आईला धरून नेलं होतं." आई विधवा होती. गूळ आणि नवसागर घालून हातभट्टी लावत असे व विकत असे. वर्तमानपत्रात छाप्याची बातमी आली तेव्हा किती लिटर रसायन ओतून दिले याचा आकडा होता. मुलाची परीक्षा बुडाली याची नोंद असण्याचे कारणच नव्हते. येथे मला स्वतःशीच प्रामाणिक राहिले पाहिजे. पुढे मी जो भेद सुचवणार आहे त्याने त्या बाईची सुटका झाली नसती. ती ऊर्ध्वपातन करीत होती आणि विक्रीही करीत होती. कोणत्याही समंजस कायद्यात या दोन्ही गोष्टी गुन्हाच राहतील. तिला दुसरी रोजी मिळायला हवी होती. ती देण्याचे काम उत्पादन शुल्क खात्याचे नव्हते, आणि ज्यांचे होते त्यांनी ते केले नाही.

विषारी दारूचा आक्षेप येथे घेतला जाईल, म्हणून त्याचे उत्तर देतो. २०१५च्या जूनमध्ये मुंबईत मालवणी येथे शंभराहून अधिक माणसे मेली, ती कोणाच्या घरचे धान्य आंबल्यामुळे मेली नाहीत. कारखान्यात वापरावयाचे मिथेनॉल दारू म्हणून विकले गेल्यामुळे मेली. जव किंवा तांदूळ आंबवून केलेल्या पेयात मिथेनॉल इतके साचत नाही की माणूस आंधळा व्हावा. आंबवणे आणि गाळणे या दोन क्रियांमध्ये धोक्याचे अंतर मोठे आहे, आणि इंग्लंड-अमेरिकेच्या कायद्यांनी तेच ओळखले. आपल्या कायद्याला हे अंतर दिसत नाही.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे आणि त्यावर माझ्याजवळ पुरे उत्तर नाही. गडचिरोलीत १९९३ साली जिल्हाभर दारूबंदी झाली ती लोकांच्या आंदोलनातून, आणि त्यात स्त्रिया पुढे होत्या. गावातील दुकान बंद करण्यासाठी आडव्या बाटलीवर शिक्का मारणाऱ्या बाया महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. त्यांना जाऊन घरगुती मद्याचे अर्थशास्त्र सांगण्याचा अधिकार लीड्समध्ये तीन आठवडे राहून आलेल्या माणसाला पोचत नाही. नवऱ्याने घरी तयार केलेली दारू दुकानातल्या दारूपेक्षा सौम्य मार देते असे कोणी सिद्ध केलेले नाही. भाच्याच्या घरी बिअर निरुपद्रवी आहे त्याचे बरेचसे श्रेय त्याच्या पगाराला, बहिणीच्या धाकाला आणि लीड्सच्या पोलिसाला आहे, हायड्रोमीटरला नाही.

मग मागणी कोणती? शहरी छांदिष्टांना बिअरचा परवाना द्या, ही नव्हे. ते आपला मार्ग काढतील, त्यांना वकील परवडतात. मागणी इतकीच की कायद्याने विक्री आणि स्वतःचा वापर यांत, तसेच आंबवणे आणि गाळणे यांत, फरक करावा आणि प्रमाणाची मर्यादा घालावी. मोहाची दारू गाळलेली असते, त्यामुळे पहिल्या भेदाने आदिवासींचा प्रश्न सुटत नाही, हे खरे. त्यासाठी मध्य प्रदेश व छत्तीसगड येथे आदिवासींना स्वतःच्या वापरापुरती जी मर्यादित मोकळीक आहे तिचा अभ्यास व्हावा. तेथील अनुभव वाईट असेल तर तोही समोर यावा. गोव्याने काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक ओळख मिळवून दिली व गावठी भट्टीला कायद्याच्या कक्षेत ठेवले. महाराष्ट्राच्या मोहाचाही असा विचार व्हावा.

आणि निर्णय कोणी घ्यावा याविषयी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६ साली जो पेसा कायदा संसदेने केला त्यात मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. महाराष्ट्राचे नियम २०१४ साली झाले. ग्रामसभा म्हणजे त्यात बायाही आल्या. त्यांनी आडवी बाटली म्हटले तर आडवी, आणि सणापुरती मोहाची परवानगी द्यायची म्हटले तर किती व कोणाला हेही त्याच सांगतील. खात्याचा निरीक्षक तेथे बसून ऐकू शकतो. महसुलाचा आकडा मात्र त्याने त्या दिवशी कचेरीत ठेवून यावे.